उंच रिम की रुंद टायर: ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचे माप ठरवताना

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपासच्या एखाद्या टायरच्या दुकानात तासभर बसले, तर "काका, मोठे टायर टाकायचे आहेत" ही मागणी हमखास कानावर पडते. मोठे म्हणजे उंच की रुंद, असा उलटा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. दुकानदार एका इंचाने मोठी मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची रिम, पुढे करतो, गिऱ्हाइकाला ती देखणी वाटते आणि व्यवहार तिथेच संपतो. काससाठी यवतेश्वरचा घाट चढायचा एवढाच हेतू असेल, तर त्यात फारसे बिघडत नाही. पण गाडी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर न्यायची असेल, तर रिमची उंची आणि टायरची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतली एकच पकड वाढवते, हे पैसे मोजण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

गोंधळाचे मूळ टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांतच आहे. उदाहरणापुरती टोयोटा जीटी८६ घेऊ. आपल्याकडे ती क्वचितच दिसते, पण ट्रॅकवर हौसेने पळवल्या जाणाऱ्या गाड्यांत जगभर तिचे नाव आहे. तिचे मूळ माप २१५/४५ आर१७. यातला २१५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, १७ हा रिमचा व्यास इंचांत सांगतो, आणि मधला ४५ टायरच्या कडेची, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधल्या रबराच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच एकत्र नांदवण्याची ही पद्धत ज्याने काढली, त्याला हिशेबाच्या तासाला बसावे लागले नसावे. कडेची उंची टक्क्यांत असल्यामुळे रुंदी वाढवून मधला आकडा तसाच ठेवला की टायर आपोआप उंचही होतो: २१५/४५ आर१७ चाकाचा एकूण व्यास ६२५ मिमी भरतो, तर २२५/४५ आर१७ चा ६३४ मिमी. म्हणजे मागितली रुंदी आणि सोबत उंचीही पदरात पडली.

आता याच गाडीसाठी दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहू. पहिल्या वाटेने रिम एक इंचाने वाढवली आणि २१५/४० आर१८ टायर घातला, तर एकूण व्यास ६२९ मिमी होतो. दुसऱ्या वाटेने रिमचा व्यास १७ इंचच ठेवून २४५/४० आर१७ घातला, तर तो ६२८ मिमी होतो. दोन्ही चाके बाहेरून जवळजवळ सारख्याच उंचीची आहेत, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरचे गुणोत्तर दोन्हींत जवळपास जागच्या जागी राहते. फरक आतला आहे. पहिल्या चाकात धातू वाढला आणि रबराची कड ९७ मिमीवरून ८६ मिमीवर आली, पण रस्त्याला टेकणारी रुंदी तीच राहिली. दुसऱ्यात कड ९८ मिमी, म्हणजे होती तशीच राहिली आणि रुंदी ३० मिमीने वाढली.

रुंदीमुळे पकड का वाढते, याचे "जास्त रबर रस्त्याला लागते" हे प्रचलित उत्तर अर्धेच खरे आहे. साडेबाराशे किलोच्या गाडीत एका चाकावर साधारण ३१० किलो भार येतो; टायरमध्ये ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब असेल, तर जमिनीला टेकणारा रबराचा तुकडा १४० चौरस सेंटिमीटरच्या जवळपास, म्हणजे टपालाच्या पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठा भरतो. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर या तुकड्याचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. तो आडवा पसरतो आणि गाडीच्या दिशेने आखूड होतो. खरा लाभ या आखूडपणात आहे. वळणावर रबर रस्त्याला टेकल्यापासून सुटेपर्यंत आडवे पिळत जाते आणि तुकडा लांब असेल तर त्याचा मागचा भाग आधीच घसरू लागतो. तुकडा आखूड असेल तर तेवढ्याच पिळात जास्त रबर रस्त्याला धरून राहते. शिवाय रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते. तसे केले की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार उतरतो, आणि रबराचा स्वभावच असा आहे की त्याच्यावरचा दाब वाढत गेला, की त्या प्रमाणात पकड वाढत नाही, मागे पडते. आणखी एक गोष्ट म्हणजे उष्णता. दहा-पंधरा मिनिटे सलग ट्रॅकवर पळताना ती साठवायला आणि बाहेर टाकायला रुंद टायरकडे जास्त रबर असते, म्हणून तो तिसऱ्या-चौथ्या फेरीतच हातपाय गाळत नाही.

उंच रिमच्या पदरात यातले काहीच पडत नाही. कड आखूड असल्यामुळे स्टिअरिंग वळवताच गाडी चटकन उत्तर देते, हे खरे, आणि शोरूममधून बाहेर पडताना ते फार सुखावतेही. पण चटकन उत्तर देणे म्हणजे पकड नव्हे. एरवी सारख्या बनावटीची मोठी रिम बहुधा जड असते, आणि तिचा जड घेर आसापासून दूर गेल्यामुळे चाक फिरवायला आणि थांबवायला अधिक जोर लागतो, कारण या जडत्वात अंतराचा वर्ग मोजला जातो. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर, फुगीर कडेच्या टायरांवर पळत होत्या. १८ इंची रिम २०२२ मध्ये आली. जगातल्या सर्वांत वेगवान सर्किट-गाड्यांना इतकी वर्षे लहान रिम चालली, हे "मोठी रिम म्हणजे रेसिंग" मानणाऱ्यांनी एकदा ध्यानात घ्यावे.

मी स्वतः हा धडा पैसे मोजून घेतला आहे. "पकड दुप्पट होईल" या एका दुकानातल्या आश्वासनावर मी पूर्वी १८ इंची रिम बसवल्या; खंबाटकी उतरून आल्यावर एका खड्ड्यात पुढच्या डाव्या रिमची आतली कड बोटभर आत गेली. आखूड कडेला खड्डा पचवायला जागाच नव्हती. ट्रॅकवरचा माझ्या फेरीचा वेळ मात्र बदलला नव्हता.

मग रिम मोठी कधी घ्यावी? ब्रेक मावत नसेल तेव्हा. रोटर (ब्रेकची तबकडी) आणि कॅलिपर (तिला दोन्ही बाजूंनी आवळणारा भाग) मोठे बसवले असतील, तर रिमच्या आत त्यांना जागा लागते, आणि ही जागा नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. एकाच व्यासाच्या दोन रिमचे आरे वेगवेगळे वाकलेले असतात. गणपतीनंतर उरलेल्या शाडूच्या मातीचा इथे चांगला उपयोग होतो. कॅलिपरच्या सर्वांत फुगीर भागावर मातीची चपटी गोळी लावावी, टायर न चढवलेली रिम बसवून नट आवळावेत, चाक हाताने एक फेरा फिरवावे आणि रिम काढून माती किती दबली ते मोजावे. तीन मिमीपेक्षा कमी जाडी उरली, तर मी ती रिम परत पाठवतो. ब्रेक मावणारी सर्वांत लहान रिम निवडावी, आणि त्या व्यासात चांगले ट्रॅक-टायर सहज मिळतात का, एवढे विचारून घ्यावे.

रुंदीच्या वाटेवरही एक खाच आहे: टायरची रुंदी आणि रिमची रुंदी लोक एकच समजतात. जीटी८६ ची मूळ रिम ७ इंच रुंद आहे. २४५/४० आर१७ टायरला साधारण ८ ते ९.५ इंच रुंदीची रिम लागते. सात इंची रिमवर तो ओढूनताणून चढेलही, पण मग त्याच्या कडा फुग्यासारख्या बाहेर येतात, वळणावर टायर आपल्याच अंगावर लोळतो आणि ज्या रुंदीसाठी पैसे टाकले ती रस्त्याला नीट टेकतच नाही. अशा टायरपेक्षा ८ इंची रिमवर ताठ बसलेला २२५ चा टायर मला केव्हाही जवळचा वाटतो. टायर लोळतो आहे का, हे पाहायला शाळेतला खडू पुरतो: कडेवर आडव्या रेघा ओढाव्यात, दोन-तीन फेऱ्या माराव्यात आणि खडू कुठपर्यंत पुसला ते पाहावे. पुसण्याची सीमा कडेवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्या पलीकडे गेली असेल, तर हवा कमी आहे किंवा रिम अरुंद आहे.

रिम रुंद केली की ऑफसेटचा हिशेब येतो. चाक हबला, म्हणजे ज्यावर ते नटांनी आवळतात त्या भागाला, जिथे टेकते, ती जागा रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे, हे ऑफसेट सांगतो. जीटी८६ मध्ये तो ४८ मिमी आहे. सातऐवजी नऊ इंची रिम त्याच ऑफसेटने घेतली, तर चाक आत आणि बाहेर प्रत्येकी २५ मिमीने वाढते, आणि आत सस्पेन्शनच्या नळकांड्याजवळ इतकी जागा मिळेलच असे नसते. ऑफसेट ४२ घेतला, तर आतली वाढ १९ मिमीवर येते, पण बाहेरची ३१ मिमी होते आणि मडगार्डची कड तपासावी लागते. स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन आणि सस्पेन्शन दाबून मोजल्याशिवाय इथे कोणाच्याही शब्दावर विसंबू नये, माझ्याही नाही.

रुंदीचा हव्यासही मर्यादेतच ठेवावा. दोनशे अश्वशक्तीच्या गाडीला २७५ चे टायर लावले, तर त्यांचे वजन आणि हवेचा अडथळा सरळ रस्त्यावर वेग खातो, आणि टायर तापायलाच उशीर लागतो. पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. जुलैमध्ये साताऱ्यात राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून रस्त्यासाठी मूळ मापाचा आणि ट्रॅकसाठी रुंद, असे दोन संच ठेवणे परवडत असेल तर उत्तम. ट्रॅकचा संच शक्यतो चारही चाकांना एकाच मापाचा घ्यावा. घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या ट्रॅकवर डाव्या बाजूचे टायर आधी झिजतात. माप एकच असेल तर ते दिवसाच्या मध्यावर उजवीकडे फिरवता येतात. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही ना, हे घेतानाच पाहून घ्यावे.