स्कूबाचा संच कसा घडला, आणि आज तो कसा पारखावा

पाण्याखाली श्वास घेण्याच्या साधनाची सुरुवात खाणीत झाली. विषारी वायूत सापडणाऱ्या मजुरांसाठी बन्वा रुकेरोल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १८६० मध्ये एक झडप बनवली. श्वास ओढला की ती उघडे, ओढणं थांबलं की मिटे. ऑग्युस्त दनेरूझ या नौदल अधिकाऱ्याच्या जोडीने चारेक वर्षांत ती समुद्रात उतरली. पाणबुड्याच्या पाठीवर धातूचा डबा असे आणि त्यात वरच्या पंपातून नळीने हवा येई. नळी सोडून काही मिनिटंच फिरता येई, कारण जास्त दाब सोसणारे सिलिंडर तेव्हा नव्हते.

मालवणला एक दिवसाचा 'स्कूबा' करायला जाणाऱ्या मुंबईकराने हे लक्षात ठेवावं. जिथे पर्यटकाच्या तोंडात रेग्युलेटर, म्हणजे श्वासापुरती हवा सोडणारी झडप, देतात, पण हवा बोटीवरच्या सिलिंडरमधून लांब नळीने सोडतात, तिथलं तंत्र १८६४ च्या जास्त जवळचं आहे. उथळ पाण्यात प्रशिक्षक हात धरून असेल तर त्यात वावगं काही नाही. फक्त विचारायचे प्रश्न वेगळे. नळी कुठे अडकली तर? बोट सरकली तर? प्रशिक्षकाच्या स्वतःच्या पाठीवर सिलिंडर आणि जोडीला दुसरा माउथपीस आहे का? नसेल तर उतरू नये.

खरा स्कूबा, म्हणजे हवा पाठीवर घेऊन नळीशिवाय फिरता येईल असा संच, दुसऱ्या महायुद्धातला. फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालत होत्या. त्यासाठी 'एअर लिक्विड' कंपनीच्या एमिल गान्यां याने जो रेग्युलेटर घडवला होता, तोच त्याने आणि जाक-ईव कुस्तो याने पाण्यासाठी बदलून घेतला. जानेवारी १९४३ मध्ये मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवं पोहताना हवा ठीक येई, उभं राहिलं की भसाभसा वाया जाई, आणि डोकं खाली केलं की छाती फुटेस्तोवर ओढावी लागे. हवा सोडणारा पडदा आणि उच्छ्वास बाहेर टाकणारी झडप यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं, पण पाण्याच्या दाबातला फरक पडायला तेवढं पुरलं. दोन्ही एका पातळीवर आणल्यावर यंत्र चाललं.

हा गुण आजच्या रेग्युलेटरमध्येही आहे. पाण्यावर तरंगताना तोंडातून काढलेला सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा तोंडाकडचा भाग) माउथपीस वर करून पडला की फसफसून हवा सोडतो. नवशिके घाबरतात आणि रेग्युलेटर बिघडला म्हणून तक्रार करतात. माउथपीस खाली वळवला की थांबतो. न थांबला, तर मात्र खरा बिघाड.

कुस्तो-गान्यां यांच्या यंत्राला दोन जाड नळ्या होत्या. त्यांचं पेटंट टाळायला मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने १९५२ मध्ये एका नळीचा 'पॉरपॉइज' विकायला काढला. पेटंटची अडचण होती म्हणून आजची रचना मिळाली असं म्हटलं तरी चालेल. सिलिंडरवरचा फर्स्ट स्टेज दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे ९ ते १० बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) जास्त इतक्यावर आणतो, उरलेलं काम तोंडातला सेकंड स्टेज करतो. आजच्या बहुतेक सेकंड स्टेजची झडप हवेच्या दाबानेच उघडेल अशा बाजूला बसवलेली असते. म्हणून रेग्युलेटर बिघडला तर सहसा हवा बंद होत नाही, उलट वाहत सुटते.

वापरलेला रेग्युलेटर घेताना पारख इथूनच सुरू करावी. डस्ट कॅप काढून फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेली धातूची बारीक जाळी उजेडात पाहावी. हिरवट दिसली तर खारं पाणी आत गेलंय, बहुधा धुताना कॅप नीट लावली नसणार. तांबूस पूड म्हणजे स्टीलच्या सिलिंडरमधला गंज. मग सिलिंडरला न जोडता माउथपीसमधून हलकेच ओढून पाहावं. आत काहीच यायला नको. थोडीही हवा आली तर कुठेतरी चीर आहे किंवा उच्छ्वासाची झडप नीट बसत नाही, आणि पाण्यात गेल्यावर तिथून घोटभर पाणी येणार. शेवटी संच सिलिंडरला जोडून, दोन स्टेजमधला दाब मोजणारा गेज लावून पाच मिनिटं काटा पाहावा. काटा हळूहळू वर सरकत राहिला तर फर्स्ट स्टेजची सीट, म्हणजे झडप जिथे मिटते ती जागा, झिजलीय. ही तपासणी करू न देणाऱ्याकडून घेऊ नये, किंमत कितीही पडलेली असो.

कोकणातलं पाणी गढूळ, आणि मुंबईच्या घरात चार महिने पावसाळी दमट हवा. म्हणून पिस्टनपेक्षा सीलबंद डायफ्रामचा (लवचीक पडद्याचा) फर्स्ट स्टेज इकडे बरा. आत गाळ आणि मीठ जात नाही. थंड पाण्यासाठीच्या खास सोयींना जास्त पैसे मोजायची इथे गरज नाही. त्याआधी त्या ब्रँडचं सर्व्हिस किट आणि ते बसवणारा माणूस मुंबईत मिळतो का, हे पाहावं.

पूर्वी एकाची हवा संपली तर दोघं एकच माउथपीस आळीपाळीने वापरत. शांत पाण्यात सरावाला ते जमे. घाबरलेला माणूस मात्र तोंडात आलेला माउथपीस परत देत नसे. त्यातून दुसरा सेकंड स्टेज, म्हणजे ऑक्टोपस, रूढ झाला. दोघं एकदम जोरात ओढू लागले तर एकच फर्स्ट स्टेज पुरेल का, हे युरोपीय मानकाने २०१४ मध्ये चाचणीत घेतलं. तशा संचावर 'ईएन २५०ए' अशी खूण असते. मुख्य रेग्युलेटर चांगला घेऊन ऑक्टोपस मिळेल तो लावायची सवय वाईट, कारण तो वापरायची वेळ येते तेव्हा श्वास सगळ्यांत जोरात चाललेला असतो.

हवा किती उरली हे कळण्याचा प्रश्न बरीच वर्षं अर्धवटच सुटला होता. जे-व्हॉल्व्ह नावाच्या झडपेत सुमारे २० बार हवा राखीव अडकून राही. श्वास जड झाला की बाजूची सळई ओढून ती मोकळी करायची. पण सळई कुठेतरी घासून आधीच खाली आलेली असली, तर राखीव हवा नकळत संपून गेलेली असे. प्रेशर गेज आल्यावर जे-व्हॉल्व्ह अडगळीत गेला. आता तपासणी गेजवर: काट्याकडे बघत चार-पाच खोल श्वास घ्यावेत. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर सिलिंडरची चाकी पुरती उघडलेली नाही. किनाऱ्यावर हवा पुरेशी वाटते, २० मीटरवर पुरत नाही.

बीसीडीचा, म्हणजे हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटाचा, पूर्वज गळ्यातला फुगा. फ्रान्समध्ये मॉरिस फेंझीने १९६० च्या सुमारास तो आणला, आणि १९७१ मध्ये स्क्यूबाप्रो कंपनीने जाकिटाचा आकार बाजारात रुळवला. त्याचं नेहमीचं दुखणं इन्फ्लेटरच्या, म्हणजे जाकिटात हवा भरणाऱ्या भागाच्या, बटणात साचलेलं मीठ. बटण दाबलं की आत अडकून राहतं, जाकीट फुगत जातं आणि माणूस झपाट्याने वर येतो. बटण दहा-बारा वेळा दाबून ते लगेच परत येतं का पाहावं, जाकीट पूर्ण फुगवून रात्रभर ठेवावं आणि हवा गळते का ते सकाळी बघावं. इन्फ्लेटरची नळी ओढून वेगळी करायची कपलिंग डोळे मिटून सापडली पाहिजे. हा सराव शहरातल्या तरणतलावात होतो. ३ मिलिमीटरच्या सूटला आणि एका सिलिंडरला १२ ते १५ किलोची उचल भरपूर. त्याहून मोठं जाकीट फक्त पाणी अडवतं.

सिलिंडर मुंबईत स्वतःचा घेण्यात राम नाही. साठवण आणि भरणं गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतं आणि ते भाड्याने सगळीकडे मिळतात. पण भाड्याचाही पारखावा. जुने ॲल्युमिनियमचे सिलिंडर ६३५१ मिश्रधातूचे असत. सतत दाबाखाली राहून त्यांच्या मानेशी चिरा पडत, काही भरताना फुटलेही. उत्पादक १९८० च्या दशकाच्या अखेरीस ६०६१ कडे वळले. खांद्यावर कोरलेली बनावटीची आणि शेवटच्या हायड्रो (पाणी भरून दाब देण्याच्या) चाचणीची तारीख वाचावी. नेहमीचा ११.१ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर २०७ बारला भरलेला असताना बुडतो, रिकामा होत आला की तरंगू पाहतो. वजनपट्टा डाइव्हच्या अखेरीस पाच मीटरवर थांबता येईल इतका जड हवा, तो सुरुवातीच्या बुडण्यावरून ठरवू नये.

हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर सिलिंडर परत करावा. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो. युरोपीय मानकात त्याची मर्यादा दहा लाखांत ५ भाग आहे, आणि ३० मीटरवर, चारपट दाबाखाली, तेवढाच वायू २० भागांसारखा लागतो. कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी जनरेटरच्या धुरापासून किती लांब आहे, हे जाऊन पाहायला संकोच कसला?

खोलात अंगात विरघळलेला वायू दाब झपाट्याने घटला की बुडबुडे होऊन त्रास देतो, म्हणून वर हळू यावं लागतं. या वर येण्याच्या वेगाचा इतिहास जरा लाजिरवाणा आहे. अमेरिकन नौदलात शिरस्त्राणवाले पाणबुडे मिनिटाला २५ फूट धरत, तर मोकळे पोहणारे कमांडो १०० फूट मागत. मधला ६० फुटांचा आकडा १९५० च्या दशकात ठरला, तो तडजोड म्हणून. पुढे १९९० च्या दशकात नौदलाने तो ३० फुटांवर, म्हणजे ९ मीटरवर आणला. आजचे डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ यांचा हिशेब ठेवणारी यंत्रं) साधारण हाच वेग धरून ओरडतात. हौशींसाठीचा पहिला यशस्वी कॉम्प्युटर, 'एज', १९८३ चा. घेताना रंगीत पडद्यापेक्षा घरी बदलता येणारी बॅटरी आणि उन्हात वाचता येणारे आकडे पाहावेत. दोघांत एक वापरू नये, कारण तो ज्याच्या मनगटावर असेल त्याच्याच डाइव्हचा हिशेब ठेवतो.

परतीच्या प्रवासात त्याचा नो-फ्लाय काउंटर, म्हणजे विमानात बसण्याआधी किती थांबायचं ते दाखवणारा आकडा, मुंबईकरांना जास्त लागतो. उंचीवर हवेचा दाब घटतो, म्हणून ही काळजी. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास हा रूढ नियम आहे. मालवणहून गाडीने कोल्हापूरमार्गे परतणारे हा नियम आपल्याला लागू नाही असं धरून चालतात, पण फोंडा किंवा गगनबावडा घाट चढून ते तासाभरात अर्धा किलोमीटरहून जास्त उंचीवर जातात. दुपारी शेवटची डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढण्यापेक्षा मुक्काम करावा, नाहीतर किनाऱ्याच्या बाजूने मुंबई-गोवा महामार्ग धरावा. सांधे दुखू लागले, त्वचेवर चट्टे उठले किंवा हातापायाला मुंग्या आल्या, तर वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नये. ऑक्सिजन लावावा आणि डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरला गाठावं. नौदलाची या विषयातली वैद्यकीय संस्था कुलाब्यात, अश्विनी रुग्णालयाच्या आवारात आहे. बोटीवर ऑक्सिजनची बाटली आहे का आणि ती भरलेली आहे का, हे मात्र निघतानाच पाहून ठेवावं.