घरच्या घरी सोलर एअर हीटर : सामान नेण्याआधी हे वाचा

थंडी पडली की दुकानात एकच प्रश्न, तो काच लावलेला काळा डबा करून खोली खरंच गरम होते का हो. होते, पण दिवसा. निफाडकडे पारा ५-६ वर येतो तो पहाटे, आणि पहाटे हा डबा काहीच करत नाही, तेव्हा रात्रीची सोय म्हणून कोणी नेणार असेल तर नेऊ नका, नंतर भांडण नको. उत्तरेकडच्या खोलीत आजी-आजोबा दुपारीसुद्धा स्वेटर घालून बसतात ना, किंवा घरात बाळ आहे, त्यांच्यासाठी मात्र एक नंबर काम.

प्रकार साधा आहे. दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून पेटी, पुढे काच, आत काळी जाळी, खोलीतली गार हवा खालच्या भोकातून पेटीत जाते आणि तापून वरच्या भोकातून परत येते. शोध आमचा नाही, अमेरिकेत एडवर्ड मोर्स नावाच्या माणसाने याचंच पेटंट १८८१ साली घेतलंय, त्याने काळी केलेली स्लेटची फरशी वापरली होती.

पेटी ८ बाय ४ फुटाची करा. डिसेंबरात आपल्याकडे भरदुपारीसुद्धा सूर्य ४६-४७ अंशावरच असतो, त्यामुळे भिंतीला सरळ उभ्या पेटीवरही जवळजवळ ७० टक्के ऊन पडतं, आणि मे महिन्यात तो डोक्यावर गेला की उभी पेटी फारशी तापत नाही, जे आपल्याला हवंच आहे. म्हणून गच्चीवर तिरकी ठेवायच्या भानगडीत पडू नका. कडक उन्हात, दुपारी १२ च्या आसपास, साधारण हजार वॉटच्या रूम हीटरइतकी ऊब मिळते.

कोल्ड्रिंकच्या डब्यांना भोकं पाडून नळ्या करायचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, हौस असेल तर करा, आमचं मत विचाराल तर ॲल्युमिनियमची मच्छरजाळी दोन पदरी घ्या आणि मॅट काळा मारा, स्वस्त पडते आणि बोटंही कापत नाहीत (नायलॉनची जाळी नको, ती उन्हात जाते). जाळी खालच्या भोकाच्या जरा वर पाठीच्या प्लायला ठोकायची आणि वर जाता जाता काचेकडे तिरकी न्यायची, म्हणजे हवेला जाळीतून आरपार गेल्याशिवाय वाटच राहत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

आता फॅन. लोक तक्रार घेऊन येतात की फॅन लावल्यापासून हवा कोमट येते, आधी कशी चटका लागेल अशी यायची. अहो, ती चटक्याची हवा चिमूटभर असते, आणि पेटी जितकी तापते तितकी ऊब काचेतून बाहेर वाया जाते. खोलीपेक्षा २० अंश गरम पण भरपूर हवा, हे पाहिजे. कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे मोठे दोन फॅन खालच्या भोकाशी बसवा, वर बसवले तर गरम हवेने लवकर बिघडतात. चालू-बंदसाठी ४५ डिग्रीचा छोटा थर्मोस्टॅट मिळतो, नाहीतर १० वॉटचं सोलर पॅनल थेट जोडा, ऊन आलं की फॅन फिरतो आणि बिलाचा प्रश्नच नाही.

पाठीला थर्मोकोल अजिबात नको!! फॅन बंद पडला की आत शंभरच्या पुढे जाऊ शकतं, थर्मोकोल आक्रसतो आणि वास घरात, तिथे ग्लासवूल किंवा रॉकवूलच (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंचा कापूस) घाला आणि त्याच्यावर पत्रा, कारण त्याची कुसळं हवेत येता कामा नयेत. भोकांसाठी पीव्हीसी पाईप घेतला तर तोही वाकतो, जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) घ्या. रंग दिल्यावर पेटी दोन-तीन दिवस बाहेर उन्हात तापू द्या, मगच भोकं घराला जोडा, नाहीतर रंगाचा वास आठवडाभर.

रात्री उलटा कारभार सुरू होतो, पेटी गार पडली की गार हवा खालून खोलीत उतरते आणि खोलीतली ऊब वरच्या भोकातून ओढली जाते. त्यावर उपाय दहा मिनिटांचा, वरच्या भोकाला खोलीच्या बाजूने जाळी आणि तिच्यावर रेनकोटच्या पातळ कापडाचा पडदा, फक्त वरची कड चिकटवायची. दिवसा हवेने उघडतो, रात्री जाळीला चिकटून बसतो. खालच्या भोकालाही जाळी लावाच, पाली जातात.

येताना भिंतीचं माप आणा आणि सकाळी ९ ते ४ तिथे झाडाची, शेजारच्या घराची सावली कुठे येते ते बघून या. काच, प्लाय, पत्रा मापात कापून देतो, पण कापलेली काच परत घेत नाही.