वारस नोंदीसाठी गावी निघण्यापूर्वी : आत्यांची नावं गाळू नका

मालवण तालुक्यातल्या मसुऱ्यात आम्ही बाहेरगावी राहणाऱ्यांची घरं सांभाळतो. मे महिना आणि गणपती जवळ आले की मुंबई-पुण्याहून आमच्या व्हॉट्सअॅपवर सातबाऱ्याचे फोटो यायला लागतात. खाली मजकूर ठरलेला : ‘आजोबांच्या नावावर आहे. चार दिवस मसुऱ्यात येतोय, तेवढ्यात आमची नावं लावून मोजणी उरकून घेऊ.’ बंद घर उघडून झाडून ठेवणं, पावसाआधी कौलं परतून घेणं, कलमांची राखण, कणकवली स्टेशनवर गाडी पाठवणं ही आमची नेहमीची कामं. ती सांगितल्या दिवशी होतात. वारस नोंदीचं तसं नाही, म्हणून हे पत्रक.

अर्ज घरबसल्या महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून करता येतो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कागद बघतात, चौकशी करतात, वारसांची नोंद गाव नमुना 6-क या वारसांच्या नोंदवहीत घेतात, मग फेरफार म्हणजे नावबदलाची नोंद धरतात. सगळ्या संबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते आणि ती संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. चार दिवसांत नाव लावून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

हे सगळं सरळ गेलं तर फार वाट बघावी लागत नाही. अडतं ते वंशावळीत, आणि दहातल्या बहुतेक प्रकरणांत एकाच ठिकाणी. आजोबांना तीन मुलगे, दोन मुली. आमच्याकडे आलेल्या कागदावर तिन्ही मुलगे असतात, त्यांच्या मुलांची नावं, पिनकोडसकट पत्ते, आधार नंबर. मुली नसतात. विचारलं की उत्तर येतं, ‘आत्येचा नाव कित्याक घालूचा? तिका काय नको हा.’

आत्याला काही नको असेलही. पण तिला नको हे तिने सांगायचं असतं, भाच्याने नाही. हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे आणि त्या कायद्यात मुलगी तेव्हापासून पहिल्या वर्गातली वारस आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीने जन्मतः हिस्सेदार झाली. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलं. ‘लग्नात सगळं दिलं होतं’ हे कारण कुठल्याच कार्यालयात चालत नाही.

आत्या वारली असेल तर तिचा हक्क तिच्या वारसांकडे जातो. चूक जास्त होते ती इथेच. वेंगुर्ल्यात दिलेली आत्या सगळ्यांच्या लक्षात असते, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वी बेळगावात वारलेल्या आत्याची मुलं कोणालाच आठवत नाहीत. नोंदीची बातमी मात्र त्यांच्यापर्यंत पोचते, कारण गावात कोणी ना कोणी त्यांच्या ओळखीचं असतंच. हरकतीचा एक कागद आला की साधी नोंद तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते. मग दर तारखेला डोंबिवलीहून रजा काढून मालवण गाठायचं, समोरचा आला नाही की पुढची तारीख घेऊन परतायचं. निकाल पटला नाही तर अपील प्रांताधिकाऱ्यांकडे. तोवर मोजणी, वाटणी, विक्री, सगळं तसंच पडून राहतं.

म्हणून आमचा नियम आहे : बहिणी आणि आत्या गाळून केलेली वंशावळ आम्ही पुढे पाठवत नाही. काही ग्राहक रागावतात, काही दुसरीकडे जातात. वंशावळीसोबत दुसरे कोणी वारस नाहीत असं प्रतिज्ञापत्र तुमच्या सहीने जातं, ते खोटं निघालं तर गुन्हा तुमच्यावर येतो, आणि वर नात्यात वैर राहतं ते वेगळंच. आत्याला खरंच काही नको असेल तर रस्ता सोपा आहे. आधी सगळ्यांची नावं लागू द्या, मग तिने दुय्यम निबंधकांकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. सख्ख्या नात्यात मोबदला न घेता वडिलोपार्जित हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. साध्या कागदावर किंवा स्टॅम्पवर नुसती सही घेऊन ठेवलीत तर त्यावरून तिचं नाव कमी होत नाही. हे काम आम्ही जमवून देतो. आत्या वयस्क असतील तर त्यांना घरून मालवणला न्यायला-आणायला आमची गाडी जाते आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

जुन्या सातबाऱ्यावर एका नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर थांबा. ते एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचं नाव आहे. जमीन त्या एकट्याची नाही. थोरले आजोबा गावात राहिले, बाकीचे गिरणीत लागले, म्हणून कारभार त्यांच्या नावाने चालला. त्यांच्या पश्चात फक्त त्यांच्याच मुलांची नावं लागली असतील तर आधी त्या जुन्या फेरफाराची नक्कल मिळवावी लागते. फेरफाराचा नंबर सातबाऱ्यावर नावाजवळच असतो. फोटो काढताना तो कापला जातो, तेव्हा फोटोऐवजी डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून 15 रुपयांना काढून पाठवा. ‘इतर हक्क’ हा रकानाही बघा. तिथे कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं, नाव असेल तर गडगा (हद्दीची दगडी भिंत) घालायचं काम आम्ही लगेच घेत नाही, आधी वकिलाला दाखवतो.

घरपट्टीची पावती जमिनीच्या मालकीचा पुरावा होत नाही. ती कर भरल्याची पावती आहे.

नावांतला फरक आधीच कळवा. जुन्या उताऱ्यावर ‘तुका बिन भिवा’ असतं आणि मृत्यूच्या दाखल्यावर आडनावासकट पूर्ण नाव. आत्यांचं माहेरचं नाव एक, आधारवरचं दुसरं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडलं तर खेप वाचते. मृत्यू मुंबईत झाला असेल तर दाखला मुंबई महापालिकेतून आणावा लागेल, आमच्या ग्रामपंचायतीत तो मिळणार नाही.

कधी यावं हेही लोक विचारतात. गणपतीत येऊ नका असं म्हणायची आमची छाती नाही, पण ते दिवस घरासाठी ठेवा. कार्यालयांना सुट्ट्या असतात, रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने धावते आणि रानमोडीचं रान एवढं वाढलेलं असतं की हद्दीचे दगड दिसत नाहीत. आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच वाडी. तिथल्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, तेव्हा ती जाहीर झाली की त्या आठवड्यात कागदाचं काम धरू नका. तेव्हा गाडी मिळत नाही आणि माणूसही मिळत नाही. मोजणीला नोव्हेंबर ते एप्रिल बरा. तलाठ्यांकडे एकाहून जास्त गावं असतात, त्यामुळे ते कुठल्या दिवशी मसुऱ्यात बसतात हे आम्हाला विचारूनच तिकीट काढा. सिंधुदुर्ग स्टेशनवर थोड्याच गाड्या थांबतात, आरक्षण कणकवलीचं करा.

निघण्याच्या दोन महिने आधी तीन गोष्टी पाठवा : डिजिटल सातबारा, मृत्यूचे दाखले आणि आजोबांपासूनची वंशावळ, मुली आणि त्यांची मुलं धरून. वहीच्या पानावर हाताने लिहिलेली चालते. आम्ही ती गावातल्या जाणत्यांकडून तपासून घेतो आणि राहिलेली नावं कळवतो. वर्षाच्या देखभालीला ज्यांचं घर आमच्याकडे आहे त्यांना यासाठी काही पडत नाही. बाकीच्यांना खर्च आधी सांगतो, काम नंतर धरतो.