आकडीची गोळी कशी सुटते

दोन-तीन वर्षं फिट आलेली नाही, मग रोज गोळी कशाला? हा प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना विचारायलाच हवा. या गोळ्यांनी कुणाला सुस्ती येते, कुणी चिडचिडं होतं, काहींमुळे हाडं ठिसूळ होतात. वॅल्प्रोएट तर गर्भालाही अपाय करतं. पण चवथीला गावच्या घरी गेल्यावर पाकीट संपलं, म्हणून 'बघूया काही होतं का' असं करणं जिवावर बेतू शकतं.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध झाले. किमान दोन वर्षं फिट न आलेले 1013 जण त्यात होते. काहींनी गोळी चालू ठेवली, बाकीच्यांनी हळूहळू बंद केली. पुढच्या दोन वर्षांत गोळी घेणाऱ्यांपैकी 78 टक्के आणि सोडणाऱ्यांपैकी 59 टक्के जणांना एकही फिट आली नाही. मला यात दिलासा दिसतो, कारण सोडणाऱ्यांतलेही निम्म्याहून जास्त जण ठीक राहिले. गोळी सोडल्यावर आपण ठीक राहणाऱ्यांत बसतो की नाही, हे आजाराच्या प्रकारावर बरंच अवलंबून असतं. वयात येताना सुरू होणाऱ्या एका प्रकारात सकाळी उठल्यावर हात अचानक उडतात, हातातला चहाचा कप पडतो. हा प्रकार गोळीने छान आटोक्यात राहतो आणि गोळी थांबवली की बहुतेकांना पुन्हा गाठतो. लहान मुलांतले काही प्रकार मात्र वयाबरोबर आपोआप जातात.

हळूहळूच का, याचं उत्तर मेंदूत आहे. 'गाबा' हे रसायन मेंदूतल्या पेशींना ब्रेक लावतं. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम, फिनोबार्बिटोन ही औषधं तो ब्रेक घट्ट करतात. महिनोन् महिने बाहेरून मदत मिळाली की मेंदू स्वतःची यंत्रणा सैल सोडतो. औषध एकाएकी गेलं, तर ती पूर्ववत व्हायला वेळच मिळत नाही. म्हणूनच झोपेसाठी किंवा घबराटीसाठी क्लोनाझेपाम घेणाऱ्याला, आयुष्यात कधी आकडी आली नसली तरी, ते अचानक तोडल्यावर फिट येऊ शकते. अशी औषधं उतरवायला कित्येक महिने लागतात. इतर औषधांनाही बहुधा काही आठवडे ते काही महिने देतात, आणि दोन औषधं असतील तर एका वेळी एकच कमी करतात.

लॅमोट्रिजीनची गोष्ट निराळी आहे आणि ती घरच्यांनाही ठाऊक हवी. हे औषध पाच-सहा दिवस चुकलं, तर जुना डोस तसाच पुन्हा सुरू करायचा नसतो. त्वचा सोलवटून काढणारी गंभीर रिअॅक्शन येण्याचा धोका असतो, त्यामुळे बहुतेकदा अगदी लहान डोसपासून चढावं लागतं. फार्मसीतून पाकीट आणण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

डोस कमी करायला मुहूर्तही बघावा. जागरणाने फिट लवकर येते, आणि आपल्याकडे जत्रेचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, शिगम्यातही रात्री जागतात. दारूचंही तसंच, रोज पिणाऱ्याने ती एकदम तोडली तरी फिट येऊ शकते. या काळात स्कूटर चालवू नये, नदीत किंवा समुद्रात एकट्याने उतरू नये, विहिरीवर एकट्याने पाणी काढू नये. तुमच्या तालुक्यात मेंदूविकारतज्ज्ञ नसेल, तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवून डोस कधी किती कमी करायचा ते तारखांसह कागदावर लिहून घ्या. लांब पल्ल्याची, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी चुरून किंवा चावून घ्यायची नसते; अर्धी करता येईल का, तेही तिथेच विचारा.

फिट परतलीच तर औषध पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांना आराम पडतो, काहींना मात्र वेळ लागतो. घरच्यांनी रुग्णाला कुशीवर वळवावं, तोंडात चमचा घालू नये, कांदा हुंगवत बसू नये, घड्याळ बघावं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर 108 ला फोन करावा. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवावा का, हे डोस कमी करायला लागण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.