घर आपलं, जमीन भाटकाराची

गरिबाच्या घरासाठी सरकारी मदत म्हटलं की बाहेरचे लोक आधी घरभाड्याचं विचारतात, पण गोव्यातल्या गावांत भानगड वेगळीच, इथे घर आपलं असतं आणि खालची जमीन भाटकाराची, म्हणजे माडाबागायतीच्या मालकाची. अशा माणसाला मुंडकार म्हणतात. भाटातल्या म्हणजे बागायतीतल्या माडांची राखण व्हावी, पाडपाच्या म्हणजे नारळ उतरवायच्या वेळी माणूस हाताशी असावा म्हणून भाटकार एखाद्या कुटुंबाला राहायला जागा द्यायचा. भाडं नाही, पण बोलावलं की जायचं. माझ्या आजीचं डिचोलीकडचं घर असंच, मातीच्या भिंती, वर कौलं, आणि पावसाआधी कौलं परतायची झाली तरी आजोबा आधी भाटकाराच्या बलकांवाखाली, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्याखाली जाऊन उभे राहायचे, वर बसायचे नाहीत.

१९६१ ला गोवा मुक्त झाला म्हणून हे लगेच बदललं नाही. १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकरांचं मगोचं, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं सरकार आलं, १९६४ ला कूळ कायदा झाला, पण तो शेतजमिनीचा. घराखालच्या जमिनीसाठी ठोस असा मुंडकार कायदा शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा. उठ म्हटलं की उठायचं हे त्याने थांबलं, वर मुंडकाराला घर आणि पंचायत भागात साधारण ३०० चौरस मीटर, इतर ठिकाणी २०० चौरस मीटर जागा विकत घ्यायचा हक्क मिळाला.

यात एक मेख आहे. घराचं भाडं देणारा मुंडकार धरत नाहीत, पगारी चौकीदार आणि घरगडी पण नाही. म्हणजे भाड्याची पावती निघाली की दावा संपला! भाडेकरूंचा कायदा वेगळा, १९६८ चा.

केंद्राची इंदिरा आवास ही घरकुल योजना १९८५-८६ ची, २०१६ पासून तिची पीएम आवास ग्रामीण झाली. सपाट भागात १.२० लाख रुपये मदत, घर किमान २५ चौरस मीटर, आणि मदतीचा आकडा अजून तोच आहे. चिऱ्यांचे आणि वाळूचे भाव बघितले तर यात जोतं आणि अर्ध्या भिंती होतील असं माझं मत. त्यातही जागा नावावर नसेल तर गाडी तिथेच अडते. भाड्याची घरं बांधायची केंद्राची स्कीम २०२० ची, ती पण शहरांसाठी. वेर्णा, कुंडई इथल्या फॅक्टऱ्यांत कामाला येणारे आजूबाजूच्या गावांत खोल्या घेऊन राहतात, त्यांना यातलं काय मिळणार? (गोवा सरकारची गृह आधार योजना म्हणजे घराची मदत असं कुणी समजू नका, ते गृहिणींना महागाईसाठी महिन्याला मिळणारे पैसे, २०१२ पासून.)

२०२१ ला बरीच वर्षं राहतं घर नावावर करून देणारं भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक विधानसभेत घाईघाईत मंजूर झालं, गदारोळ उठला आणि ते बारगळलं. २०२५ ला सरकारी आणि कोमुनिदादच्या (गावकीच्या सामाईक) जमिनीवरच्या जुन्या घरांसाठी ‘म्हजें घर’ ही योजना आली.

आजीच्या घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) इतर हक्काच्या रकान्यात आजोबांचं नाव आहे, मुंडकार म्हणून. खरेदीचा अर्ज बाबांनी घातला त्याला खूप वर्षं झाली, पण भाटकार वारले, वारस काही मुंबईत काही पोर्तुगालात, प्रत्येकाला नोटीस पोचल्याशिवाय केस पुढे सरकत नाही, आणि आता पुढची तारीख चतुर्थीनंतरची पडलीय.