‘बाकी सगळं सारखंच होतं’ या गृहीतकाचा इतिहास

‘अमुकामुळे तमुक झालं’ असं म्हणणारा माणूस एक वाक्य गिळून टाकत असतो: बाकी काही बदललेलं नव्हतं. हे गिळलेलं वाक्य बाहेर काढायची खटपट आधुनिक विज्ञानाहून बरीच जुनी आहे.

भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायशास्त्रात (कायद्याच्या नव्हे) त्यासाठी ‘उपाधी’ हा शब्द आहे. (आज तो पदवीला किंवा मागे लागलेल्या लचांडाला वापरतात, तर्कातला अर्थ विस्मरणात गेला.) धूर दिसला तर अग्नी आहे, हे अनुमान पक्कं. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे मात्र कच्चं. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं आणि ती अट कुणी बोलून दाखवलेली नसते. हीच ती उपाधी.

युरोपात तत्त्वज्ञ ह्यूम यांनी १७३९ मध्ये याहून खोलवर हात घातला: निसर्ग उद्याही आजच्यासारखाच वागेल, हे आपण सिद्ध न करताच धरून चालतो. तत्त्वज्ञ मिल यांनी १८४३ मध्ये नियम मांडला की, कारण ठरवायचं तर दोन प्रसंग एक गोष्ट सोडून सर्व बाबतींत सारखे हवेत. असे प्रसंग आणायचे कुठून, हीच तर अडचण.

लंडनमधल्या १८४९ च्या कॉलऱ्यात संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांना दिसलं, की वस्ती जितकी सखल तितके मृत्यू जास्त. त्यांनी दोष दूषित हवेला दिला. आकडे चोख होते. चूक होती ती न लिहिलेल्या वाक्यात. उंचीबरोबर हवाच नव्हे, पाणीही बदलत होतं. डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ असलेली घरं निवडली. हवा तीच, माणसं तशीच. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून थेम्सच्या वरच्या, स्वच्छ भागातून पाणी घेऊ लागली होती; साउथवर्क-वॉक्सहॉल कंपनी मैल्याने घाण झालेल्या भागातूनच घेत होती. दर दहा हजार घरांमागे मृत्यू पहिलीकडे ३७, दुसरीकडे ३१५. पुढे १८६६ च्या साथीत फार यांनीही पाण्याकडेच बोट दाखवलं. मला या प्रकरणात तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं १९५० मध्ये पुढे आलं, त्यानंतर काही वर्षांनी संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी जुनीच शंका काढली: एखाद्या आनुवंशिक गुणामुळे माणूस सिगारेटही ओढत असेल आणि त्याला कर्करोगही होत असेल. शंका रास्त होती, जरी ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू कंपन्यांचे सल्लागार होते. पण त्यांच्या शंकेतही एक न बोललेली अट होती. संख्याशास्त्रज्ञ कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ती आकड्यात मांडली: धूम्रपान करणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो सगळा त्या छुप्या गुणामुळेच असेल, तर तो गुण धूम्रपान करणाऱ्यांत इतरांपेक्षा किमान नऊपट आढळायला हवा. तसा गुण कुणी दाखवू शकलं नाही.