मोडेम तुमचा, मग फर्मवेअर अपडेट करायचं कोणी?

नाशिक शहरातील केबल इंटरनेट ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मोडेम तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतला असला, पावती तुमच्या नावाची असली, तरी त्याचं फर्मवेअर (मोडेम चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करणं हे आमचं, म्हणजे केबल ऑपरेटरचं, काम आहे. मोडेम बनवणारी कंपनी फाइल तयार करते आणि ऑपरेटरला देते. तुमच्या मोडेममध्ये ती आम्ही चढवतो. त्यामुळे कंपनीच्या वेबसाइटवर डाउनलोड शोधण्यात वेळ घालवू नका. केबल मोडेमची फाइल तिथे सहसा ठेवलेलीच नसते. कंपनीच्या हेल्पलाइनवर ‘तुमच्या ऑपरेटरला विचारा’ असं उत्तर मिळतं. त्यात टाळाटाळ नाही, ते उत्तर बरोबरच आहे.

हे पत्रक जाड को-ॲक्सियल केबलवर चालणाऱ्या मोडेमपुरतं आहे. घरात बारीक फायबर आली असेल तर तुमच्याकडचा डबा ओएनयू (फायबरच्या टोकाला लावायचं यंत्र) आहे, त्याची पद्धत वेगळी.

ग्राहकाच्या हातात का दिलेलं नाही

एका गल्लीतले, एका सोसायटीतले अनेक मोडेम एकाच केबलवर असतात. वर, म्हणजे आमच्याकडे डेटा पाठवताना ते पाळीपाळीने बोलतात, आणि कोणी कधी बोलायचं हे आमच्या बाजूचं यंत्र ठरवतं. एखाद्या मोडेमचं फर्मवेअर बिघडलं आणि तो पाळी सोडून बोलू लागला, तर त्याच्याबरोबर अख्ख्या गल्लीचं नेट अडखळतं. म्हणून केबल मोडेमच्या डॉक्सिस या मानकात (पहिली आवृत्ती १९९७ सालची) अपडेटचा ताबा ऑपरेटरकडे ठेवला आहे.

मोडेम चालू केल्यावर काय घडतं ते पाहिलं की हे लक्षात येईल. आधी तो केबलवर आमचा सिग्नल शोधतो, मग स्वतःचा आवाज, म्हणजे सिग्नलची ताकद, किती मोठा ठेवायचा ते जुळवून घेतो, मग आयपी पत्ता घेतो आणि शेवटी आमच्या सर्व्हरवरून एक छोटी कॉन्फिग (सेटिंगची) फाइल उतरवतो. तुमच्या प्लॅनचा वेग याच फाइलमध्ये लिहिलेला असतो. फर्मवेअरच्या फाइलचं नावही तिच्यातच देता येतं. ते नाव मोडेममधल्या फर्मवेअरपेक्षा वेगळं दिसलं की मोडेम आपणहून नवी फाइल उतरवतो आणि रीस्टार्ट होतो. घाईचं असेल तर मोडेम बंद-चालू होण्याची वाट न पाहता आम्ही इथूनच आदेश देऊ शकतो.

फाइलवर बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही असते. डॉक्सिस १.१ पासून मोडेम ही सही तपासतो आणि जुळली नाही तर फाइल नाकारतो. म्हणजे कुठून तरी फाइल मिळवली तरी ती चढणार नाही. मोडेम उघडून, आत वायरी जोडून ‘स्पीड वाढवून देतो’ म्हणणारे लोक भेटतात. कृपया त्यांच्या नादी लागू नका. असा मोडेम आम्हाला नेटवर्कवर चालू देता येत नाही, आणि मूळ फर्मवेअर त्यात परत आणणंही बऱ्याचदा जमत नाही.

अपडेट नुसत्या वेगासाठी नसतात. जानेवारी २०२० मध्ये डेन्मार्कच्या सुरक्षा-अभ्यासकांनी ‘केबल हॉन्ट’ नावाची त्रुटी जाहीर केली. ब्रॉडकॉम चिप असलेल्या अनेक मोडेममध्ये सिग्नल तपासण्याचा एक भाग असतो, दोष त्यात होता. घरातल्या कोणी ब्राउझरमध्ये फसवं पान उघडलं तर त्या वाटेने मोडेमचा ताबा जाऊ शकत होता. पासवर्ड बदलून हे थांबत नव्हतं. इलाज होता तो नव्या फर्मवेअरचाच. अशा वेळी फाइल आली की ती चढवण्यात आम्ही दिरंगाई करता कामा नये. ही जबाबदारी आम्ही आमची मानतो, आणि उशीर झाला तर जरूर जाब विचारा.

अपडेट अडकतं कुठे

बहुतेक वेळा सिग्नलपाशी. फाइल उतरताना सिग्नल तुटत राहिला तर मोडेम ठरावीक वेळा प्रयत्न करतो आणि मग जुन्याच फर्मवेअरवर चालू राहतो. तुमचं नेट सुरू असतं, त्यामुळे अपडेट राहिलं हे कळतही नाही.

स्वतः तपासायचं असेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाका (आकडे इंग्रजी कीबोर्डवरून). राउटरमधून पान उघडलं नाही तर लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडा आणि मोडेम एकदा बंद-चालू करा. काही मॉडेलमध्ये हे पान बंद ठेवलेलं असतं, तेव्हा आकडे आम्हाला विचारा. पान उघडलं तर सॉफ्टवेअर व्हर्जन लिहून घ्या, मग सिग्नलचं पान पाहा. डाउनस्ट्रीम पॉवर (आमच्याकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद) उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (ताकद मोजायचं एकक) आत असावी. एसएनआर (खरखरीच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा) ३३ डीबीच्या वर हवा. ३० च्या खाली गेला तर त्रास ठरलेला. अपस्ट्रीम पॉवर (मोडेम आमच्याकडे पाठवतो त्या सिग्नलची ताकद) ३५ ते ५० डीबीएमव्हीमध्ये ठीक. ती सतत ५० च्या वर दिसली तर मोडेमला ओरडून बोलावं लागतंय, म्हणजे वाटेत कुठेतरी सिग्नल खाल्ला जातोय.

सिग्नल खाणारी जागा बहुधा कनेक्टर असते. नाशिकच्या पावसाळ्यात गच्चीवरून उतरणाऱ्या केबलच्या जोडात पाणी शिरतं. कनेक्टर फिरवून काढा आणि बघा: आतली जाळी पांढरी भुकटी धरलेली, मधली तार काळवंडलेली दिसली, तर तो पुसून परत लावू नका. नवा कॉम्प्रेशन कनेक्टर बसवून घ्या, त्याआधी खराब झालेला केबलचा तुकडा कापून टाका. मधली तार कनेक्टरच्या कडेपेक्षा साधारण ३ मिलिमीटर बाहेर हवी. कमी असेल तर टेकत नाही, जास्त असेल तर मोडेमचं सॉकेट सैल करते. नट हाताने घट्ट करून ११ नंबरच्या पान्याने हलका पाव फेरा पुरे.

दुसरं कारण स्प्लिटर, म्हणजे एका केबलचे फाटे करणारा जोड. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडावर सुमारे साडेतीन डीबी खातो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत एकापुढे एक तीन-तीन स्प्लिटर लागलेले असतात. तिसऱ्याच्या टोकाला मोडेम म्हणजे दहाहून जास्त डीबी गेले. मोडेम पहिल्याच स्प्लिटरवर घ्या, टीव्ही मागे जाऊ द्या.

तिसरं कारण वीज. फाइल उतरताना लाइट गेली तर फारसं बिघडत नाही, मोडेम नंतर पुन्हा प्रयत्न करतो. पण फाइल उतरून मेमरीत लिहिली जात असताना वीज जाणं धोक्याचं. म्हणून आम्ही अपडेट रात्री २ ते ५ या वेळेत लावतो. रात्री मोडेमचं बटण बंद करण्याची सवय असेल तर तुमच्यापर्यंत अपडेट उशिरा पोचतं. महिन्यातून दोन-चार रात्री तरी चालू राहू द्या. घरात इन्व्हर्टर असेल तर मोडेम आणि राउटर दोन्हींचे ॲडॉप्टर त्यावर घ्या. बऱ्याच मोडेमवर अपडेट चालू असताना डाउनस्ट्रीम आणि अपस्ट्रीमचे दिवे लुकलुकतात आणि ऑनलाइनचा दिवा स्थिर राहतो. तसं दिसलं तर पंधरा मिनिटं हात लावू नका.

तुमच्याकडे काय राहतं

वेगळा वाय-फाय राउटर असेल तर तो पूर्णपणे तुमचा. त्याचं फर्मवेअर तुम्हीच अपडेट करायचं, आमच्याकडून तिथे काहीच चढत नाही. आधी सेटिंगचा बॅकअप घ्या, काम वाय-फायवरून न करता लॅन केबलने करा, आणि फाइल घेताना मॉडेलबरोबर हार्डवेअर व्हर्जनही जुळतंय का पाहा. मोडेम आणि वाय-फाय एकाच डब्यात असेल तर फर्मवेअर आमचं. वाय-फायचा आणि ॲडमिनचा पासवर्ड तुमचा. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका.

मोडेम विकत घेण्याआधी

आम्ही फर्मवेअर बनवत नाही. कंपनीने एखाद्या मॉडेलच्या फाइल देणं बंद केलं असेल तर आम्हालाही काही चढवता येत नाही. तेव्हा तसं स्पष्ट सांगू आणि मोडेम बदलायला सुचवू. ग्राहकाला हे जड जातं याची जाणीव आहे, म्हणूनच घेण्याआधी विचारा.

डॉक्सिस २.० चा जुना मोडेम स्वस्तात मिळतो, पण तो डेटा एकाच चॅनेलवर उतरवतो. ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर प्रत्यक्षात साधारण ३८, ८ मेगाहर्ट्झवर ५० एमबीपीएसच्या आसपास मिळतात. १०० चा प्लॅन घेतला तरी तो तेवढंच देईल. अनेक चॅनेल एकत्र करणं ३.० मध्ये आलं, आणि फर्मवेअरने २.० चा ३.० होत नाही. मुलाने अमेरिकेतून आणलेला मोडेम तिकडच्या ६ मेगाहर्ट्झच्या पद्धतीचा असतो, युरोपातली पद्धत ८ ची. तो इथे चालेलच असं धरू नका, आणि लावण्याआधी ॲडॉप्टरवर २४० व्होल्ट लिहिलंय का तेही बघा.

एम. जी. रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, पैसे देण्याआधी मोडेमच्या तळाच्या स्टिकरचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यात मॉडेल, हार्डवेअर व्हर्जन आणि मॅक ॲड्रेस (प्रत्येक मोडेमचा वेगळा ओळख क्रमांक) स्वच्छ वाचता यायला हवेत. मॅक ॲड्रेसशिवाय मोडेम आमच्या सर्व्हरवर नोंदवता येत नाही. जुन्या मोडेमचं स्टिकर खरवडलेलं असेल, किंवा स्टिकरवरचा मॅक आणि आतल्या पानावरचा मॅक वेगळा निघाला, तर तो घेऊच नका.

अपडेटबद्दल तक्रार करताना मोडेमच्या पानावरचं सॉफ्टवेअर व्हर्जन, सिग्नलचे तीन आकडे आणि इव्हेंट लॉगच्या (मोडेम स्वतः ठेवतो त्या नोंदींच्या) शेवटच्या दहा ओळींचा फोटो पाठवा. लॉगमध्ये डाउनलोड सुरू झाल्याची नोंद आहे आणि पूर्ण झाल्याची नाही, असं दिसलं तर आमचा माणूस आधी तुमच्या गच्चीवरचा जोड बघेल. सुरू झाल्याचीच नोंद नसेल तर दोष आमच्या सर्व्हरवरच्या कॉन्फिगमध्ये असण्याची शक्यता जास्त; तेव्हा तुम्ही घरी थांबायची गरज नाही, तपासणी आमच्या ऑफिसात सुरू होते.